'ट्रक चालवला म्हणजे युद्ध लढला का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

युद्धकाळात नोकरी केलेल्या साध्या सैनिकांचा सत्कार कसा करावा, या आमच्या लेखावर आपण सविस्तर आणि चांगलंच कडक लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंदूरच्या मराठी मंडळांनी ड्रायव्हर, स्वयंपाकी, स्टोअरवाले यांना 'युद्धवीर' म्हणून स्टेजवर बसवलं, तर गोळ्या झेललेल्यांची किंमत कमी होते. दुसरं, म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळणारी सेवेची नोंदवही) आणि पदकं दाखवा म्हणणं हा त्याचा अपमान आहे. शाल-श्रीफळ द्या, पाया पडा, झालं. तिसरं, माजी सैनिक दिनाची १४ जानेवारी ही तारीख इंदुरात सोयीची नाही.

पहिल्या मुद्द्यातलं अर्धं आधीच कबूल करतो. 'युद्धवीर' हा शब्द आमचाच चुकला. शौर्य ही सरकारी राजपत्रात नोंदलेली गोष्ट आहे, त्याची चक्रं आणि पदकं वेगळी आहेत, ती पदवी मंडळाने वाटायची नसते. मानपत्राच्या नमुन्यातून तो शब्द काढलाय. आता तिथे 'युद्धकाळातील सेवा' आहे आणि त्याखाली कुठलं युद्ध, कुठला भाग, कुठलं काम.

पण ड्रायव्हरबद्दलचं म्हणणं पटलं नाही. साधा हिशोब करू. १९६५ आणि १९७१ मध्ये आपल्या तोफखान्याकडे २५ पाउंडी तोफा होत्या. गोळ्याचं वजन नावातच आहे, सव्वाअकरा किलोच्या थोडं वर. १८ तोफांची रेजिमेंट धरा, दर तोफेने रात्रीत १०० गोळे टाकले असं धरा. नुसते गोळे वीस टनांच्या पुढे गेले. कार्ट्रिज आणि पेट्या वेगळ्याच. म्हणजे तीन टनी ट्रकाच्या कमीत कमी सात खेपा, त्याही एका रेजिमेंटच्या एका रात्रीसाठी. आणि या खेपा हेडलाइट बंद ठेवून करायच्या. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला (मागच्या आसावरच्या फुगीर भागाला) पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर पडेल असा एक बारीक दिवा. मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून गाडी हाकतो. ठिपका पुसट झाला तर आपण मागे पडलो, डोळ्यांत भरायला लागला तर फार चिकटलो. दारूगोळ्याने भरलेला ट्रक चुकून दुसऱ्यावर आदळला तर काय, हे सांगायला नको. तेव्हा असा माणूस भेटला की 'किती शत्रू मारले?' हे विचारू नका. 'रात्री गाडी कशी चालवायचात?' असं विचारा. गप्प बसलेला माणूसही बोलायला लागतो.

स्टोअरवाल्याचंही तसंच. १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरण भागात पॅटन रणगाडे फोडताना धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांचा हुद्दा होता कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. हा हुद्दा म्हणजे कंपनीचं राशन, कपडे, दारूगोळा यांचा हिशोब सांभाळणारा. जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात बसलेला होता म्हणून ते त्या जागी होते. हा अपवाद आहे, मान्य. आणि बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर शाखेचे, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढल्याबद्दल. हुद्दा किंवा ट्रेड (नेमून दिलेलं काम) वाचून तो माणूस कुठे उभा होता ते ठरवता येत नाही, एवढंच आमचं म्हणणं.

मग ठरवायचं कशावरून? इथेच आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी गाठ पडते. काका, आपल्याला जो फरक करायला हवा आहे, आघाडीवरचा कोण आणि मागे तैनात असलेला कोण, तो फरक शाल करून देत नाही. पदकं आणि कागद करून देतात.

१९६५ च्या युद्धाची दोन पदकं आहेत. समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांचा, तर रक्षा मेडल त्या काळात फौजेत असलेल्या बऱ्याच जणांना मिळालं. १९७१ मध्ये पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार आणि त्यापेक्षा पुष्कळ व्यापक असं संग्राम मेडल. स्टार पाच टोकांचा असतो, मेडल गोल, लांबूनही ओळखू येतं. घरात फक्त संग्राम मेडल असेल तर मानपत्रात 'बांगलादेशाच्या लढाईत' असं लिहू नका, '१९७१ च्या युद्धकाळात सेवेत' असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. १९६२ साठी वेगळा स्टार निघालाच नाही. तिथे १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलच्या रिबनवरची धातूची पट्टी बघायची, त्यावर 'लडाख १९६२' किंवा 'नेफा १९६२' (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल) असं असतं. पट्टी गळून पडलेली असली की मुलं ते पदक किरकोळ समजून बाजूला ठेवतात, हे फार होतं. आणि १९४७-४८ च्या काश्मीरचं हेच जनरल सर्व्हिस मेडल असेल तर नातवंडांना ते जरूर हातात घेऊ द्या. त्यावर तेजोवलयातली भवानी तलवार आहे, आणि मराठी घरांतसुद्धा ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आता पदक वाचायचं कसं. गोल मेडलच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत सेवा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट किंवा कोर (फौजेची तांत्रिक किंवा पुरवठ्याची शाखा) असतो. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च कडेला अगदी आडवा धरा आणि मेडल सावकाश फिरवा. सावली पडली की अक्षरं उठतात. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही. पितांबरी, चिंच, ब्रासो यातलं काही लावायचं नाही. आपल्याकडे देवाची भांडी लख्ख करायची सवय असल्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सूनबाई कौतुकाने पदकंही घासून ठेवतात, आणि उथळ कोरलेलं नाव दर दिवाळीला थोडं थोडं झिजत जातं. कोरड्या सुती फडक्याने पुसलं की बस.

क्रमांक जसा दिसेल तसा, एकही आकडा न सुधारता उतरवा. त्यातच रेजिमेंटचा धागा असतो. अब्दुल हमीद यांचा क्रमांक २६३९८८५ आणि कारगिलच्या योगेंद्रसिंह यादव यांचा २६९०५७२. मध्ये ३४ वर्षं गेली, पण दोघेही ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे, म्हणून सुरुवात २६ ने. मराठा लाइट इन्फंट्रीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, महार रेजिमेंटचा ४५ ने, कुमाऊँचा ४१ ने. जेसीओ (नायब सुभेदार किंवा त्यावरचा कनिष्ठ अधिकारी) झाला की नवा क्रमांक मिळतो, त्याच्या आधी 'जेसी' लागतं. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन पदकांवर दोन क्रमांक दिसले तर एक खोटं आहे असं समजू नका.

एक घोळ तर हमखास होतो. घरचे सांगतात 'आजोबा रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये होते' आणि पदकावर निघतं ईएमई, म्हणजे फौजेची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणारी कोर. लोक लगेच कुजबुजतात. दोन्ही खरं असू शकतं. रणगाडे दुरुस्त करणारी लाइट एड डिटॅचमेंट त्या रेजिमेंटबरोबरच राहते, बरोबरच पुढे जाते, पण तिची माणसं ईएमईची. मानपत्रात कोर आणि ज्या युनिटबरोबर होते ते युनिट, दोन्ही लिहा.

डिस्चार्ज बुकात सगळ्यात जास्त गैरसमज 'डिस्चार्ज' या शब्दाचाच. काढून टाकलं असा अर्थ नाही. कारणाच्या रकान्यात आर्मी रूल १३(३) आणि भरतीच्या अटी पूर्ण केल्याची नोंद असेल तर ती सरळ, इज्जतीची निवृत्ती. पुढे चारित्र्याचा रकाना, तिथे 'एक्झम्प्लरी' म्हणजे सर्वोत्तम शेरा. हुद्द्याच्या बाबतीत 'मानद' शब्द गाळू नका आणि स्वतःहून जोडूही नका. निवृत्तीच्या वेळी काही हवालदारांना मानद नायब सुभेदार करतात, आणि समोर बसलेल्या दुसऱ्या फौजीला तो फरक लगेच कळतो.

बुकच हरवलं असेल तर अर्ज त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महारसाठी सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, सिग्नल्ससाठी जबलपूर, ईएमईसाठी सिकंदराबाद, कुमाऊँसाठी रानीखेत. हे शेवटचं नाव इंदूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. होळकर संस्थानाची पायदळ पलटण स्वातंत्र्यानंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली, १५ कुमाऊँच्या नावापुढे कंसात आजही 'इंदूर' लिहितात. पेन्शन न घेता परतलेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा उत्तर 'कागद उपलब्ध नाहीत' असं येऊ शकतं. हात टेकू नका, लाँग रोलमधला (भरती झालेल्यांच्या नावनोंदीच्या वहीतला) उतारा मागा. ती वही कायमची जपलेली असते. माहितीच्या अधिकारात शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, पण अर्ज स्वतः सैनिकाने किंवा वारसाने करावा. मंडळाच्या लेटरहेडवर केला तर खासगी माहिती म्हणून परत येण्याचीच शक्यता जास्त.

सैनिकाची पत्नी हयात असेल तर आणखी एक बघा. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. फौजेच्या नोंदीत लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या नोंदीत बदल करणारा हुकूम) निघते तेव्हा माहेरचं नाव लागलेलं असतं, आधार कार्डावर सासरचं, आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्यावर अडतं. सत्काराच्या निमित्ताने कागद बाहेर आलेच आहेत, तर ही दोन नावं ताडून बघा आणि जुळत नसली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. मानपत्रापेक्षा याचा उपयोग जास्त.

अपमान होतो म्हणालात. विचारायच्या पद्धतीने होतो, हे खरं. आधी फोन करून वेळ घ्यावी, घरातल्या माणसासमोर बसून वाचावं, फोटो तिथेच काढावा आणि मूळ कागद घराबाहेर नेऊ नये. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक बॅनरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये, फसवणारे टपलेलेच असतात.

स्टेजवरचं थोडं. पदकं स्वतः सैनिक डाव्या छातीवर लावतो. तो हयात नसेल तर वारस उजव्या छातीवर. मधला, म्हणजे त्याच्या छातीच्या मध्याकडचा मान वरच्या पदकाला: आधी समर सेवा स्टार, मग पूर्वी किंवा पश्चिमी, मग रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, आणि शेवटी वीस वर्षांचं व नऊ वर्षांचं दीर्घ सेवा पदक. रिबन उडालेली असेल तर पिनेमागची घडी उलगडून बघा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो. तो दाखवून महूच्या मिलिटरी टेलरकडून ३२ मिलिमीटरची नवी रिबन लावून घ्या, जुनी पाकिटात ठेवून द्या. हरवलेल्या पदकाच्या जागी बाजारातली नक्कल लावायची असेल तर नक्कल आहे असं सांगून लावा. तोफखान्यातल्या माणसाला पुष्कळदा कमी ऐकू येतं, निवेदकाने त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभं राहावं. भाषणं दोन, प्रत्येकी पाच मिनिटं.

तारखेबद्दलचा आपला आक्षेप मात्र मान्य. माजी सैनिक दिन १४ जानेवारीला, १९५३ मध्ये जनरल करिअप्पा त्या दिवशी निवृत्त झाले म्हणून. पण इंदुरात त्या दिवशी गच्चीवर पतंग आणि घराघरात तिळगूळ, माणसं जमणार कशी? १६ डिसेंबर हा विजय दिवस धरा, किंवा संक्रांत संपली की पुढचा रविवार. आणि शाल राहू द्या, आम्ही तिच्या विरोधात नाहीच. जानेवारीत संध्याकाळच्या मांडवात गारठा असतो, पातळ चंदेरी शालीऐवजी खरी ऊबदार घ्या.