‘निबंध लिहून सुटतो’ हा मजकूर पुढे पाठवण्याआधी

शहरात एखाद्या अल्पवयीन मुलाच्या हातून चाकू चालला की दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर येऊन पडतो. थोडक्यात असा: १८ वर्षांखालच्या गुन्हेगाराला आपल्याकडे काहीच होत नाही, तो निबंध लिहून सुटतो, पोरांचेच गुन्हे सगळीकडे वाढलेत, सोळाव्या वर्षी सगळं कळतं, समुपदेशन म्हणजे सरकारी खर्चानं लाड, मोठ्यांच्या तुरुंगात टाका, म्हणजे वचक बसेल. मी नागपुरात अशा मुलांचं समुपदेशन करते. हा मजकूर पाठवणाऱ्यांची भीती खरी आहे, हे मला ठाऊक आहे. आपलाही मुलगा रात्री ट्यूशनवरून एकटा घरी येतो, ही काळजी कुणाला नसते? पण त्या भीतीवर मजकुरात जो उपाय सांगितलाय, तो धोका वाढवणारा आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी तो निबंध. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक संतापले ते योग्यच होतं. पण ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. काही दिवसांतच बाल न्याय मंडळानं, म्हणजे अल्पवयीन आरोपींची प्रकरणं बघणाऱ्या मंडळानं, त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि पुढे उच्च न्यायालयानं त्याला नातेवाइकांच्या ताब्यात दिलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या पालकांना आणि डॉक्टरांना अटक झाली. पैसा आणि ओळखी वापरून तपास वाकवल्याचा आरोप असलेल्या एका प्रकरणावरून, ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशा हजारो पोरांचा निकाल लावायचा, हे मला पटत नाही.

‘काहीच होत नाही’ हे तर १५ जानेवारी २०१६ पासूनच खोटं आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर आलेला बाल न्याय कायदा त्या दिवशी लागू झाला. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो कायद्याच्या भाषेत ‘घृणास्पद’ गुन्हा. असा गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलानं केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्या मुलाची समज आणि क्षमता जोखणारी प्राथमिक तपासणी करतं आणि खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. खून आणि बलात्कार यात येतात. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, एवढंच वगळलंय. ज्यांचा खटला असा पाठवला जात नाही, त्यांना विशेषगृहात, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सुधारगृहात, तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं. मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल, तर या तपासणीसाठी मानसतज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल.

पोरांचेच गुन्हे सगळीकडे, हे एका आकड्यानं संपतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात अल्पवयीन आरोपींवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, आदल्या वर्षीपेक्षा थोडे कमी. एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांवर होते. म्हणजे दोनशेत एक.

आता ‘सोळाव्या वर्षी सगळं कळतं’. कळतं, हो. चाकूनं माणूस मरतो हे सोळा वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. अडचण कळण्यात नसते, थांबण्यात असते. त्यातही रात्री अकराला, चौघे मित्र बघत असताना, कुणीतरी आईवरून शिवी दिल्यावर. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या दोन शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षं माग ठेवला गेला. बहुतेकांचं गुन्हे करणं वयासोबत खाली आलं. सतत मोठे गुन्हे करत राहिलेले दहात एकापेक्षाही कमी निघाले. आणि जास्त काळ कोंडून ठेवल्यानं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही.

‘लाड’ या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण समुपदेशनाच्या खोलीत काय चालतं ते मी बघते.

एक मुलगा. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ते करू देत नाही आणि ते बरोबरच आहे. आठवीत शाळा सुटली, गॅरेजवर काम, तिथंच पंक्चरचं सोल्यूशन हुंगायची सवय. मारामारीत समोरचा मुलगा गंभीर जखमी झालेला. पहिल्या भेटींत त्याचं एकच वाक्य: “त्यानं सुरुवात केली, मॅडम.” मग मी कोरा कागद दिला आणि ती संध्याकाळ चौकटींत काढायला सांगितली. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी: कुठं होतास, कोण होतं, पोटात काय वाटत होतं. चहाची टपरी त्यानं झटक्यात काढली. भांडणही काढलं. मधली एक चौकट मात्र कोरी सोडली. घरी जाऊन चाकू आणला, ती. त्या कोऱ्या चौकटीशी आम्ही कितीतरी बैठका अडकून होतो. तो चिडला, कागद फाडला, एकदा आलाच नाही. शेवटी म्हणाला, “घरी आई होती. तिनं विचारलं, कुठं चाल्ला. मी तिथंच थांबलो असतो तं झालं असतं.”

याला लाड म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत वाईट अर्धी संध्याकाळ अशी चौकटींत काढून बघावी. तुरुंगाच्या बराकीत बसून काढलेल्या तीन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसता. तिथं ‘त्यानं सुरुवात केली’ या वाक्यावर मान डोलावणारेच भेटतात.

म्हणूनच ‘मोठ्यांच्या तुरुंगात टाका’ हा सल्ला मला घातक वाटतो. हा प्रयोग अमेरिकेनं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय. २००७ मध्ये तिथल्या तज्ज्ञगटानं उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा प्रौढ न्यायव्यवस्थेकडे पाठवलेली मुलं पुन्हा पकडली जाण्याचं प्रमाण बाल न्यायव्यवस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त दिसलं. पोरांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम भरवून सरळ करायचे कार्यक्रमही तिथं गाजले. नीट चाचणी घेतल्यावर कळलं की ज्यांना काहीच केलं नाही त्यांच्यापेक्षा ही पोरं जास्त गुन्हे करत होती. त्याच देशातल्या मिसुरी राज्यानं १९८३ मध्ये बूनव्हिलची भलीमोठी सुधारशाळा बंद केली आणि मुलांना घराजवळच्या लहान केंद्रांत हलवलं. दहा-बारा मुलांचा एक गट, तेच कर्मचारी, रोजची गटचर्चा, कुटुंबालाही सोबत घेणं. दुसरी राज्यं ती पद्धत शिकायला तिथं गेली.

काही जण याला परदेशी फॅड म्हणतील. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्या काळात, १९२८ साली, या प्रांतात बालकांसाठी वेगळा कायदा झाला. पोराला मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळं ठेवायचं, ही समज इथं शंभरीला टेकली आहे.

आपल्या व्यवस्थेत सगळं आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) मुलाच्या घरची-बाहेरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपास अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. तो घरी, शाळेत, कामाच्या जागी जाऊन लिहिला तर मंडळाच्या हाती खरं काही लागतं. खुर्चीत बसून रकाने भरले, तर ‘वडील व्यसनी, संगत वाईट’ यापलीकडे काही उरत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, पण तो परत त्याच टपरीवर उभा राहतो तेव्हा सोबत कोण असतं? मजकूर पाठवणाऱ्यांनी राग या प्रश्नावर काढला, तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत जड आहे: ज्याचं पोरगं गेलं किंवा जायबंदी झालं, त्या घराचं काय? त्या घराला राग धरायचा पूर्ण हक्क आहे, मी त्यांना समजूतदारपणा शिकवायला जाणार नाही. पण मजकूर शंभर ग्रुपवर फिरतो आणि दवाखान्याचं बिल त्याच घरावर पडतं. महाराष्ट्रात गुन्ह्यात बळी पडलेल्यांसाठी नुकसानभरपाईची योजना २०१४ पासून आहे, आरोपी अल्पवयीन असला तरी. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. नागपुरात ते सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयात आहे. एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदं, बँकेचं पासबुक घेऊन त्या घरातल्या कुणासोबत तिथं जायला एखादा शेजारी लागतो.