ऑक्सिजन उतरल्यावर जिना चढायचा नसतो

खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याला गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक संदेश आला : रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली गेल्यास पाच मिनिटे जिना चढावा-उतरावा, आकडा वर येतो; कपालभातीने तो १०० होतो; वजने उचलल्याने तो कायमचा घटतो; आणि दहा सेकंद श्वास रोखता आला की फुफ्फुसे ठणठणीत समजावीत. आत्याचा जन्म चुलीच्या धुरात गेला, तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. ऑक्सिमीटर बोटाला तसाच ठेवून ती माडीचा जिना चढायला लागली. चौथ्या पायरीवर तिने कठडा धरला, तेव्हा ९१ चा आकडा ८४ वर उतरला होता.

जिन्याचा हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. व्यायामात स्नायूंना अधिक ऑक्सिजन लागतो. निरोगी माणसाचा श्वास आणि हृदयाची गती वाढून ती गरज भागते, म्हणून बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज फेऱ्या मारणाऱ्याचा आकडा फारसा हलत नाही. फुफ्फुसे आधीच निकामी होत आलेली असतील, तर वेगाने वाहणाऱ्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा मिसळत नाही आणि आकडा घसरतो. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या कोविड रुग्णांना, श्वासाचा त्रास होऊन ऑक्सिजन ९४ च्या खाली गेल्यास, पालथे झोपायला सांगितले होते. आजार वेगळा असला, तरी ऑक्सिजन उतरलेल्या माणसाला पळवायचे नसते एवढे त्यावरून कोणालाही कळावे.

कपालभातीचे म्हणायचे तर, निरोगी माणसाच्या रक्तातले ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलेच असते; जोरजोरात श्वास सोडल्याने कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो आणि चक्कर येते. वजन उचलताना श्वास कोंडला, तर आकडा क्षणभर उतरू शकतो; 'कायमचा' हे धादांत खोटे आहे. श्वास रोखण्याच्या चाचणीवरून तर कोणताही आजार नाकारता येत नाही.

ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्याने सीओपीडीच्या रुग्णाचा आकडा थोडा सुधारतो आणि नियमित चालण्याने त्याचा दमसास वाढतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. पण ते चालणे डॉक्टरांच्या सल्ल्याने, थांबत थांबत करायचे असते.

आकडा कमी दिसला तर आत्याला बसवायचे, गार पडलेले बोट चोळून गरम करायचे, मिनिटभराने पुन्हा पाहायचे, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खालीच राहिला तर मध्यरात्र असली तरी बेळगावला न्यायचे, असे मी तिच्या सुनेला बजावून आलो आहे.