स्वायत्त कॉलेजची डिग्री म्हणे ‘चालत नाही’!

‘स्वायत्त कॉलेजात मुलांना घालू नका. तिथं डिग्री कॉलेजच छापून देतं, महाराष्ट्रात नोकरीला चालत नाही.’ हा मेसेज फिरत फिरत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आमच्या भाचीच्या घरी पोचला आणि घेतलेली ॲडमिशन रद्द करायची भाषा सुरू झाली. मेसेजात आणखीही मुक्ताफळं आहेत, पण आधी हेच, कारण खरं नुकसान यानंच होतंय.

स्वायत्त कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम स्वतः आखणारं, पेपर स्वतः काढून तपासणारं, निकाल स्वतः लावणारं कॉलेज. एवढं करूनही ते विद्यापीठाला संलग्नच राहतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय: पदवी मूळ विद्यापीठ देतं, प्रमाणपत्रावर कॉलेजचंही नाव असतं. ते नाव बघूनच कुणीतरी बोंब ठोकली असणार! भाचीला मिळेल ती डिग्री बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचीच, आणि राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाची डिग्री सीमेवरच्या निपाणीची हद्द ओलांडली म्हणून रद्दी होत नाही. महाराष्ट्रातल्या नोकरीत डोमिसाइलचा, म्हणजे रहिवासी दाखल्याचा, प्रश्न आला तर तो वेगळा. त्याचा राग कॉलेजवर कशाला?

बरं, एक मान्य करतो. परीक्षा कॉलेजच्या हातात असल्यानं कारभार ढिला असेल तर मुलांचे हाल होतात, आणि स्वायत्तता मुदतीचीच असते. म्हणून ऑफिसात जाऊन यूजीसीचं पत्र मागा, मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. ॲडमिशन रद्द करू नका.

मेसेजातलं ‘बेळगावची सगळी कॉलेजं राणी चन्नम्मालाच’ संलग्न, हेही चूक. ते विद्यापीठ 2010 चं. त्याआधी इथली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ 1998 पासून बेळगावातच आहे. लॉ कॉलेज हुबळीच्या कायदा विद्यापीठाला, सरकारी मेडिकल बेंगळुरूच्या राजीव गांधी विद्यापीठाला. आणि निपाणीला चिकटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज तर कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं.

पुढचं मुक्ताफळ: ‘विद्यापीठ नुसतं नावाला, मालक कॉलेज चालवणारी संस्थाच.’ डिग्रीची तीन वर्षं संपली तरी बहुतेक पोरं विद्यापीठाचा कॅम्पस बघत नाहीत, एवढं खरं. इमारत आणि मॅनेजमेंट संस्थेची असते, हेही खरं. पण कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा 2000 चाळा. कारभाराचे निर्णय सिंडिकेटचे, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाचे; स्वायत्त नसलेल्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमाची मंजुरी ॲकॅडमिक कौन्सिलची, म्हणजे विद्वत परिषदेची. त्यांचा विषयवार अभ्यासक्रम बोर्ड ऑफ स्टडीज तयार करतं, आणि रोजचा गाडा कुलगुरू व रजिस्ट्रार हाकतात. कॉलेजला संलग्नताही कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच मिळते, संस्थेच्या चेअरमनच्या मर्जीनं नाही.

शेवटचं तर कहर आहे: ‘मार्क कमी पडले तर कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना मेल करा, वाढवून मिळतात.’ राज्यपाल कुलपती असतात, पदवीदान समारंभाचे अध्यक्ष असतात, कुलगुरूंची नेमणूक त्यांच्याच सहीनं होते. बीकॉमच्या अकाउंट्सचा पेपर ते तपासत बसत नाहीत हो! परीक्षा विद्यापीठाची असेल तर रीव्हॅल्युएशनचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासण्याचा, अर्ज परीक्षांचं काम बघणाऱ्या रजिस्ट्रार इव्हॅल्युएशनच्या खात्याकडे, फी भरून, दिलेल्या तारखेच्या आत. स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेजच्याच परीक्षा विभागाकडे. राज्यपालांना मेल करत बसलात तर तेवढ्यात ती तारीख निघून जाईल.