बेसबॉलचा 'शोध' डबलडे यांनी लावलेला नाही

सामान्यज्ञानाच्या नावाखाली एक ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे: "१८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी ॲबनर डबलडे यांनी बेसबॉलचा शोध लावला." तिच्यातलं काहीच टिकत नाही.

आधी माणूस बघू. १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होते. पुढे जनरल झाले, अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत लढले, पुष्कळ लिहिलंही. पण हा खेळ आपण काढला असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही. ते १८९३ मध्ये वारले.

"पण आयोगाने चौकशी केली होती!" केली होती. खेळाच्या सामानाचे बडे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांना हा खेळ अस्सल अमेरिकन ठरायला हवा होता. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस जो निष्कर्ष दिला, तो ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या वृद्ध गृहस्थांच्या सांगण्यावर उभा आहे. १८३९ मध्ये ते पाच वर्षांचे होते!

आता गाव. कूपर्सटाउनमध्ये ठरावीक रस्त्यांवर चेंडू खेळल्यास एक डॉलर दंड, असा नियम १८१६ मध्येच निघाला होता. डबलडे यांचा जन्म १८१९ चा.

माझ्या मते सगळ्यात बोलका कागद शेजारच्याच डेलावेअर काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) आहे. जुलै १८२५ च्या 'डेलहाय गॅझेट' या वृत्तपत्रात हॅम्डेन गावच्या नऊ जणांनी जाहीर आव्हान दिलं: काउंटीतल्या कुठल्याही गावाने तेवढेच गडी घेऊन यावं आणि 'बास-बॉल' खेळावा, प्रत्येक डावाला माणशी एक डॉलर. नऊ जणांपैकी एक नुकताच डेलहायला राहायला गेला होता, तेही त्यात नमूद केलंय. खेळ कसा असतो याबद्दल मात्र एक शब्द नाही. वाचणाऱ्यांना तो ठाऊकच होता. विटीदांडू कोणी शोधला असं आपण विचारत नाही, तसंच हे. एका जनरलला श्रेय दिलं की नावानिशी छापली गेलेली ही खेडवळ माणसं पुसली जातात, आणि मला तेच खटकतं.

राहिलं कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या नामवंतांचं संग्रहालय. ते १९३९ मध्ये, याच दंतकथेची शंभरी साजरी करताना उघडलं. ते दंतकथेमुळे तिथे आहे. दंतकथेचा पुरावा म्हणून ते दाखवता येत नाही.