किरणं, ढग आणि सात जोड चपला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात माझ्या नास्तिकपणाचा भाव वधारतो. ९, १० आणि ११ तारखेला कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर येतात ते दिवस. आईला देवळात न्यायला गाडी लागते, आणि ती आत गेल्यावर बाहेर चपलांपाशी असा माणूस लागतो, ज्याला आत जायची घाई नाही. धाकटा भाऊ भाविक, म्हणून बाद. बायको भाविक. मुलगी परीक्षेच्या आसपास भाविक. उरलो मी.

चप्पल स्टँड आहे की. पण आईची चप्पल खास चप्पल लाइनीतून घासाघीस करून आणलेली, करकर वाजणारी. देवीवर तिचा पुरता विश्वास आहे, चप्पल स्टँडवर नाही.

एकदा वैतागून मी राज्यघटनाच काढली. कलम २५, सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, मानायचं तसं न मानायचंही. आईनं मेथी निवडत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात चपला राखायच्या न्हाईत असं लिवलंय काय?"

नव्हतं लिहिलेलं.

तर यंदाही महाद्वारापाशी उभा राहिलो. एका जागी चपलांशेजारी उभा राहिलेला माणूस दिसला की लोकांना काय वाटतं कोण जाणे. "भाऊ, एवढ्या बघा हं," म्हणत एक मावशी गेल्या. मग एक जोडपं. साडेपाचपर्यंत माझ्याकडे सात जोड जमले. "ही पण सेवाच की हो!" हे वाक्य आजवर इतक्यांनी ऐकवलंय, की आता मी फक्त मान हलवतो.

शेजारी उभ्या पोरानं विचारलं, "काका, याच तारखांना कसं काय?" मग मला राहवेना. देऊळ पश्चिमेला तोंड करून. सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत मावळतो, या तीन दिवसांत तो बरोबर महाद्वाराच्या रेषेत येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत आणखी खाली जातो, तिथून माघारी फिरतो आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी पुन्हा त्याच जागी. जायला जेवढे दिवस, यायलाही जवळपास तेवढेच! कुणी कुठल्या शतकात दोरी धरून हे जमवलं असेल, त्या गवंड्याला मी हात जोडायला तयार आहे. हे सांगताना माझा आवाज जो काही लागतो, त्याला बायको 'कीर्तन' म्हणते.

रीत अशी, की पहिल्या दिवशी किरणं पायांशी, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. पहिल्या दिवशी ढग आला. दुसऱ्या दिवशी धुरकट हवा, किरणं गुडघ्याशीच विरली. आई निवांत. "आईनं मला बघितलं, बास झालं." निवांत नव्हतो तो मी. रात्री अकरा वाजता मोबाइलवर उपग्रहाची ढगांची चित्रं बघत गच्चीत फेऱ्या मारत होतो. बायको म्हणाली, "एवढं वाटतंय तर नवस बोला."

हसण्यावारी नेतो खरं, पण हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत याच गावात विवेकवादी विचारांच्या गोविंद पानसरेंना सकाळच्या फिरण्याहून परतताना गोळ्या घातल्या. मी कुणी मोठा नाही, माझी मतं चपलांच्या पुढं कधी गेली नाहीत. तरी त्या आठवड्यात आईनं न विचारता माझ्या शर्टाच्या खिशात अंगाऱ्याची पुडी सरकवली. मला ती सापडली. मी काढली नाही. शर्ट धुवायला गेला तेव्हा ती तिनंच काढली आणि दुसऱ्या शर्टात ठेवली.

तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ. ऊन महाद्वारातून आत शिरलं आणि मी नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढं झालो, मग आणखी एक. तेवढ्यात आतून कुणीतरी खेकसलं, "ओ काका, किरणं अडवताय! बाजूला व्हा!"

शंभरेक माणसं माझ्याकडं वळून बघत होती. आयुष्यभर देवाला विरोध केला तो एवढाच, आणि तोही चुकून. मी बाजूला उडी मारली ती नेमकी कुणाच्या तरी सँडलवर. पुढचं सगळं त्या पोराच्या मोबाइलवर बघितलं. पाय, कंबर, गळा... चेहऱ्यावर ऊन आलं तेव्हा बाहेर एकच गलका झाला. माझाही आवाज त्यात होता म्हणे. पोरगं साक्षीला आहे, मी नाकारतो.

आई बाहेर आली. "तुझ्या वाटचा नमस्कार मी घातला."

"आई, तुला नको म्हटलं होतं ना?"

"तुझं नाव न्हाई घेतलं. बाहेर चपलांपाशी उभाय तो, एवढंच म्हटलं."

मालक येतील तसे जोड गेले. एक उरला, बेवारस, त्यात अंगठा तुटलेला. सव्वासात वाजले तरी कुणी येईना. मी म्हटलं चल, तर आई पायरीवरच बसली. "कुणीतरी विश्वासानं ठेवल्यात." लाडूचा प्रसाद फोडून तिनं अर्धा माझ्या हातावर ठेवला. लाडवाबद्दल मला कधीच शंका नव्हती. खाल्ला, आणि अंगठा कुणाच्या उडीनं तुटला ते सांगायचं टाळलं.