तिला हसण्याआधी आपले इंग्रजी तपासा

आज लोअर परळच्या आमच्या ऑफिसात जे पाहिले, त्याने अजून डोके तापलेले आहे. डोंबिवलीच्या मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी नुकतीच रुजू झाली आहे. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ‘लेट्स टेबल धिस’, आणि तिने तत्परतेने फाइल उघडून कागद सगळ्यांपुढे मांडायला घेतले. सगळे खो-खो हसले, कारण साहेबांना तो विषय तूर्त बाजूला ठेवायचा होता.

साहेबांचा अर्थ अमेरिकी आहे. ब्रिटिश इंग्रजीत त्याच शब्दांचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे विषय चर्चेला घेणे, असा होतो. दुसऱ्या महायुद्धात याच एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी बराच वेळ हुज्जत घालत बसले आणि दोघांना हवे होते एकच, असे चर्चिलने लिहून ठेवले आहे. मग या मुलीला हसणारे आपण कोण लागून गेलो?

पुढे ती ‘द टीम आर रेडी’ म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला, कारण एका टीमला ‘इज’च हवे, असे सगळ्यांना वाटत होते. इंग्लंडची वर्तमानपत्रे आपल्या क्रिकेट संघाबद्दल ‘इंग्लंड आर’ असेच लिहितात, तेव्हा मात्र कोणाला हसू येत नाही.

तिच्या ईमेलमध्ये ‘फर्निचर्स’ होते, ती चूकच, कारण ‘फर्निचर’चे अनेकवचन होत नाही. ग्राहकाला जाणारे पत्र शुद्ध हवे, हे मान्य. पण ज्या भाषेत ‘न्यूज’ एकवचनी, ‘पोलीस’ अनेकवचनी आणि एकच कात्री असली तरी ‘सिझर्स आर’, तिथे शिकणाऱ्याने तर्क लावायचा तरी कसा? वाटाण्याला इंग्रज पूर्वी ‘पीझ’ म्हणत आणि ते एकवचन होते. शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटल्याने 17व्या शतकाच्या सुमारास तो छाटून ‘पी’ झाला. त्यांची गफलत शब्दकोशात जाऊन बसली, आमच्या मुलीची मात्र चारचौघांत थट्टा होते.

खरे तर हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ‘बाबा आले’ यातले अनेकवचन आपण आईच्या कडेवर बसूनच शिकलो. इंग्रजीतला ‘यू’देखील मुळात अनेकवचनी, म्हणूनच समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’. शाळेत कोणी एवढे सांगितले असते, तर निम्मी भीती तिथेच गेली असती. आज जेवणाच्या सुट्टीत ती डब्यातली पोळी नुसती कुस्करत होती, कोणाशी एक शब्द बोलली नाही.

माझ्या मित्रयादीत इंग्रजी शिकवणारे बरेच जण आहेत. त्यांनी नियमासोबत त्यामागची हकीकतही मुलांना सांगावी. आणि वरच्या खुर्चीत बसलेल्यांना कोणाची चूक सुधारायचीच असेल, तर मीटिंग संपल्यावर त्याच्या जागेपाशी जाऊन, हळू आवाजात सुधारावी.