दुबई तीन तास, मग आईला चोवीस तास का लागले?

जानेवारीत आईला घेऊन दादाकडे दुबईला गेलो. तो फोनवर एकच सांगत होता, अगं आई सव्वातीन तासांचं तर विमान आहे, बसलीस की पोचलीस. आईला ते खरंच वाटलं.

आम्ही देवगडहून दुपारी ४ ला निघालो. मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. माणगावला गाडी दीड तास जागची हलली नाही, मुंबईत पोचलो तेव्हा पहाटेचे साडेपाच. आईच्या पायांना एवढी सूज आली होती की चप्पल जाईना, कुळथाच्या पिठाची आणि आमसुलांची पिशवी मात्र रात्रभर मांडीवर घट्ट धरलेली. साडेदहाचं विमान, इंटरनॅशनल म्हणून तीन तास आधी रांगेत. दुबईत उतरलो तर तिथे सव्वाबारा, कारण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. मग इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी. दादाच्या दारात पोचलो तेव्हा आपल्याकडचे ४ वाजले होते, म्हणजे बरोब्बर चोवीस तास! आणि त्यातले विमानाचे सव्वातीन, तेसुद्धा दार बंद होऊन विमान हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतचे.

आई म्हणाली, "दुबयक तीन तास नि मुंबयक सगळी रात? ह्या कसला गणित रे?"

मुंबई ते दुबई साधारण १,९३० किलोमीटर. नेटवर दिसतं ते हवेतलं सरळ अंतर. तेही नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं, कारण पृथ्वी गोल. पुतण्याच्या ग्लोबवर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघितला तर तो रशिया, नॉर्वे करत पार उत्तरेकडून गेला, साडेबारा हजार किलोमीटर. आई कितीतरी वेळ त्या दोऱ्यावरून बोट फिरवत होती.

मार्चमध्ये येताना मात्र तीन तासही लागले नाहीत. अंतर तेच, पण वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारं वाहतं, थंडीच्या दिवसात जास्तच. जाताना ते समोरून येतं आणि येताना पाठीमागून ढकलतं, पडावाचं शीड माहीत असलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की आखातात असलेल्या मुलांनी गावच्या आईबापाला नुसता विमानाचा वेळ सांगू नका, घरापासून घरापर्यंतचा सांगा, त्यांच्या औषधाच्या गोळ्या, जेवण, झोप सगळं त्यावर असतं. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा आईच आधी म्हणाली होती, आता मुंबईची रात्र वाचली. आम्हाला जायचं होतं त्या दिवशी तिथून जुळणारं विमान मिळालं नाही. जिल्ह्यातून मुंबईला रोजचं, भरवशाचं विमान हवं, आणि पुढचं विमान गाठता येईल अशा वेळेला हवं, हे मी अगदी मनापासून मागतोय.

तोवर दादाला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी तिकीट दुपारनंतरचं काढ, आदल्या रात्री आई मामाकडे मुंबईत झोपेल.